चिंचडोहच्या शीटवर न काढलेली शाळा

७ जाने., मंगळ.

आठ दिवसांनी पाणी आलं आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. ह्यांना म्हटलं दार बघा, तर हे पेपरात तोंड घालून. शेवटी मीच ओल्या हातानं उघडलं. दारात एक चाळिशीची बाई, हातात कागदाची गुंडाळी. संगीता साळवे. चिंचडोहच्या वस्तीशाळेची मुख्याध्यापिका. वैजापूरच्या अलीकडं, शिवनेच्या काठी. एक दिवसाची रजा टाकून आली होती.

बसवलं, चहा टाकला. तिनं गुंडाळी उलगडली. आमच्याच मोजणी खात्याच्या ऑफिसातून काढलेली नकाशाची नक्कल. कोपऱ्यात बोट ठेवलं. ‘अनुरेखन : नि. शिं.’

“ही सही तुमचीच नं बाई? हापिसातल्या जुन्या शिपायानं सांगितलं, नि. शिं. म्हंजे निर्मला शिंदे, सिडकोत ऱ्हातात.”

माझीच. नाही कशी म्हणू?

तिचं म्हणणं असं. वस्तीच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला रेल्वेचा रूळ. गाव रुळापलीकडं. आता दुसरी लाईन टाकताहेत, त्यासाठी रुळालगतची पट्टी चाललीय, त्यात शाळेची खोली जाते. जागा कागदावर शाळेची असेल तर वस्तीतच दुसरी जागा आणि खोली द्यावी लागते. नसेल तर शाळा म्हणजे गावच्या पाटलांच्या जमिनीच्या गटातलं अतिक्रमण. मग पोरं गावातल्या मोठ्या शाळेत, रोज दोन रूळ ओलांडून. एकतीस पोरं. धाकटं सहा वर्षांचं.

आणि नकाशात शाळा नाही.

“माझे आजोबा त्या शाळेत बसलेत बाई, निजामाच्या टायमाला. शाळा व्हती, तर मग नकाशात का नाय?”

म्हटलं, चारशेच्या वर शीटं काढली मी, एवढं कुठलं लक्षात राहतं.

खोटं बोलले. नदीचं ते वळण दिसलं तेव्हाच सगळं आठवलं होतं. तेवढ्यात टाकी भरून वाहायला लागली, हे ओरडले, मला उठायला निमित्त मिळालं.

८ जाने.

सकाळी ह्यांना सगळं समजावून सांगावं लागलं. एवढा संसार झाला, पण बायको ऑफिसात काय करायची ते ह्यांना ठाऊक नाही. एसटीत कंट्रोलर होते, ह्यांना फक्त गाडी वेळेवर सुटली का तेवढं कळतं.

सांगितलं ते असं. निजामाच्या काळातले जुने नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर असायचे. जुनं कापड खाली, नवं वर, आणि गिरवायचं. आधी काळी शाई : गावांच्या शिवा, रस्ते, रूळ. मग निळी : नदी, नाले. लाल सगळ्यात शेवटी : शाळा, देऊळ, चावडी. लाल शाई तालुक्याहून इमारतींची यादी आल्याशिवाय उघडायची नाही. जुन्या कापडावरची अक्षरं उर्दू. ती आम्हाला रशीदभाई वाचून दाखवायचे, ऑफिसचे दफ्तरी. चिंचडोहच्या शीटवर रूळ आणि नदीच्या मधे बारीक चौकोन, वर झेंडा. रशीदभाई म्हणाले होते, “ये स्कूल है बाई, छोटा सा, पटरी के बाजू में.”

तालुक्याच्या यादीत ती शाळा नव्हती. गावातली होती, वस्तीवरची नव्हती. यादी करणाऱ्यानं रूळ ओलांडायचे कष्ट घेतले नसतील. कुणाची वस्ती आहे ते ठाऊक असणारच त्याला.

मी जाधवसाहेबांना विचारलं, ते तेव्हा आमचे हेडसर्व्हेअर. ते म्हणाले, यादीत नाही तर नकाशात नाही.

म्हणून नाही काढली. संपलं.

हे म्हणाले, “मग तुझी काय चूक हाय त्यात? जाधवाला धर म्हणावं तिला. पेन्शन खाय अन् गप बस.”

रशीदभाई वारून पंधराएक वर्षं झाली. जाधवसाहेब अजून आहेत, बीड बायपासला मुलाकडं.

१० जाने., शुक्र.

सं.बरोबर ऑफिसात गेले. आठ वर्षांनी. आमचं काचेचं टेबल, खालून दिवा असलेलं, जिन्याखाली पडलंय, त्यावर झेरॉक्सचे गठ्ठे. तिथला तरणा मुलगा बरा होता, खुर्ची तरी दिली. म्हणाला, मॅडम, सगळं स्कॅन झालं. जे स्कॅनला आलं ते आहे, जे आलं नाही ते नाही.

जुन्या कापडाचं काय झालं ते रजिस्टरमध्ये असतं. मीच सांगितलं त्याला कुठलं रजिस्टर काढायचं ते. सवय जात नाही. सापडलं. चिंचडोह, जुने अनुरेखन, जीर्ण, निर्लेखित. म्हणजे मोडीत काढलं. अक्षर माझंच, गोल गोल. तेव्हा माझं अक्षर चांगलं होतं.

सं.नं विचारलं, “मोडीत काढलं म्हंजे गेलं कुठं?”

म्हटलं, रद्दीत.

हे दुसरं खोटं. रद्दीत नाही गेलं, माझ्या बादलीत गेलं.

आता लिहायलाच बसलेय तर लिहिते. ट्रेसिंगचं कापड म्हणजे तलम सूत, त्यावर खळीचा जाड थर. मोडीत निघालं की आम्ही ट्रेसर बायका ते घरी न्यायचो. कोमट पाण्यात रात्रभर ठेवायचं, सकाळी चोळायचं. खळ सुटते, शाई तिच्याबरोबर निघून जाते, खाली राहतं ते मलमलपेक्षा मऊ. रुमाल व्हायचे, देवाची वस्त्रं व्हायची, आणि जिला दिवस गेलेले असतील तिच्या बाळाचं झबलं. नियमात बसत नव्हतं. पण साहेब लोकांच्या घरीही जायचं, म्हणून कुणी बोलायचं नाही.

चिंचडोहचं कापड मी नेलं. मनूच्या वेळी. सातवा सरत आला होता. मोरीत बसून धुतलं, पाणी आधी निळसर झालं, मग काळपट. दोन झबली आणि एक टोपडं बेतलं त्यात.

१४ जाने., संक्रांत

तीळगूळ केला, पाक पुढं गेला, दगड झाले. हे दातांच्या नावानं बोंबलत एकेक खातातच आहेत.

मनूचा पुण्याहून फोन. सहज विचारावं तसं विचारलं, तुझं ते पांढरं झबलं गं, तू बाळाला घातलं होतंस ते?

“अगं ते! ते तर किती दिवस मी चष्मा पुसायला वापरत होते, इतकं मऊ होतं. घर बदललं तेव्हा गेलं कुठंतरी. का गं?”

काही नाही म्हटलं.

असतं तरी काय उपयोग होता. त्यावर आता रेघसुद्धा दिसली नसती. तरी विचारलं. मनात काय होतं कुणास ठाऊक.

१८ जाने., शनि.

रिक्षानं बीड बायपासला. जाधवसाहेब पंच्याऐंशीचे. गुडघे गेलेत, डोकं शाबूत. सून चिवड्याची बशी ठेवून गेली. मी ठरवूनच गेले होते, आज त्यांच्या तोंडून कबूल करून घ्यायचं आणि सं.ला सांगायचं की बघ, साहेबांचा हुकूम होता.

चिंचडोह म्हटल्यावर त्यांना पाच मिनिटं लागली. मग म्हणाले, “रूळ अन् नदीच्या मधली शाळा. व्हय. यादीत नव्हती ती.”

म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना साहेब, यादीत नाही तर नकाशात नाही.

“म्हणलो. पुढचं पन म्हणलो होतो. पेन्सिलनं फुली मार अन् शंकेची चिठ्ठी लाव तालुक्याला. लाल शाई त्यांचं उत्तर आल्यावर. मी काय नवा होतो का कामाला?”

मी म्हटलं, मला नाही आठवत तसं.

“फुली तू मारली होतीस. मी पाह्यली. मंग शीट फायनलला आलं तवा फुली नाय अन् चिठ्ठी बी नाय. मला वाटलं उत्तर आलं आसंल.” चिवडा चघळत थांबले. “चिठ्ठी लावली आस्ती तर दोन-तीन महिने शीट अडकलं आस्तं. अन् शीट अडकलं म्हंजे जुनं कापड बी स्टोअरात. तुला तर रजेवर जायच्या आधी पायजे होतं ते. लई तलम हाय साहेब, मलाच द्या, म्हणली होतीस. बाळासाठी.”

ते हसत होते. त्यांना वाटत होतं मी जुन्या गमतीजमती ऐकायला आलेय.

“काय झालं होतं गं तुला? पोरगी का पोरगा?”

पोरगी, म्हटलं. निघताना विचारलं, कुणी विचारलं तर हे सांगाल का? म्हणाले, विचारलं तर सांगीन, पन मला माडीवरून खाली उतरवायला दोन माणसं लागतात, येतंय कोन?

रिक्षावाल्यानं क्रांती चौकात वीस मिनिटं घातली. मला बरंच वाटलं.

१९ जाने.

खरं आहे. ते बोलल्यावर आठवलं, किंवा इतकी वर्षं आठवतच होतं आणि मी त्यावर साहेबांना बसवून ठेवलं होतं. खोडरबर माझ्याच हातात होतं. दुपारची वेळ, बाकीच्या डबा खायला गेल्या होत्या. पोट टेबलाला लागायचं म्हणून मी उभ्यानं काम करायचे. फुली खोडली, भुगा फुंकला. चिठ्ठी लिहिलीच नाही. दोन दिवसांनी निर्लेखनाची नोंद केली, त्याच संध्याकाळी कापड पिशवीत.

यादी करणाऱ्यानं वस्ती सोडली तो त्याचा नीचपणा. पण माझ्यासमोर शाळा होती, झेंड्यासकट. मला ती दिसली, वाचून दाखवली गेली, विचारायची सोयसुद्धा होती. ती मी एका झबल्यासाठी पुसली. आणि अडतीस-एकोणचाळीस वर्षं म्हाताऱ्याच्या नावानं खडे फोडले.

ह्यांना अजून सांगितलं नाही. भाजी खारट झाली, त्यावरून बोलणी खाल्ली.

२३ जाने., गुरु.

सं.चा आग्रह, एकदा येऊन बघा. नोकरीभर नकाशे काढले, त्यातलं एकही गाव पाहिलं नाही कधी. आमची गावं टेबलावर.

एसटीनं गेले, फाट्यावर ती स्कूटी घेऊन उभी. शिवनेत पाणी घोट्याइतकं, बाकी वाळूचे खड्डे आणि वेड्या बाभळी. वळण मात्र तसंच. मी निळ्या शाईनं घेतलेलं तसंच, डावीकडं जरा जास्त. रुळाशेजारी खोऱ्यानं माती ओढणारी मशिनं. रेल्वेवाल्यांनी खुंट्या ठोकल्यात. एक शाळेच्या व्हरांड्यातच आहे, तिच्यावर पोरांनी चप्पल अडकवली होती.

खोली एक, वर्ग चार, मास्तर दोन. भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, पाढे. मला वाटलं बघायचं आणि निघायचं. तर पोरं दोन रांगांत उभी, आणि मधे खुर्ची. शाल. नारळ. सं.चे चुलते, नाना म्हणतात त्यांना, सत्तरी ओलांडलेले, त्यांनी शाल घातली.

“आमच्या शाळेसाठी शहरातून कुनी आलं, ह्ये पयल्यांदाच झालं बाई. तुमच्यासारखी मानसं हायत म्हनून...”

टाळ्या वाजल्या. मी शाल घेऊन बसले. तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि पोरांना म्हटलं, खूप शिका.

शरम वाटावी तर किती वाटावी ह्यालाही काही मर्यादा.

परत निघताना फाट्यावर एक जण मोटरसायकल लावून उभा. पांढरे कपडे, बोलणं अदबीचं. हेच ते पाटील. पाया पडायला वाकला.

“तुमीच का बाई नकाशावाल्या? लई चांगलं काम करून ठेवलंत बघा. आमच्या वकिलानं सांगितलं, तुमचा नकाशा हाय म्हनून आपली बाजू पक्की. चहा घेतल्याबिगर जाऊ नका.”

सं. स्कूटीवर पुढं बघत बसली होती. चहा नको म्हटलं. एका दिवसात दोन्ही बाजूंनी माझे आभार मानले.

२६ जाने., रवि.

सं.च्या वकिलाला माझा जबाब लेखी हवाय. प्रांतांपुढं सुनावणी ४ तारखेला. सकाळपासून तीन कागद लिहिले.

पहिला : यादीत नव्हती म्हणून दाखवली नाही. खरं, पण अर्धं.
दुसरा : जुन्या कापडावर शाळा पाहिली होती. खरं, पाऊण.
तिसरा : सगळं.

ह्यांनी चष्मा लावून तिन्ही वाचले. तिसरा दोनदा वाचला. टीव्हीवर परेड चालू होती, आवाज बंद केला.

“ह्यो फाडून टाक.”

का?

“सरकारी नकाशात खाडाखोड केली अन् कापड घरी नेलं, आसं तू सवता लिहून देनार? याड लागलंय का? पेन्शन बंद केली म्हंजे? माझी केवढी येते ठाऊक हाय न तुला?”

म्हटलं, एकतीस पोरं आहेत.

“अन् आपली एक होती. तिला मऊ कापड पायजे होतं, तू आनलं. मला नाय वाईट वाटत त्याचं.”

हे असं म्हणाले. हे वाईट माणूस नाहीत. मनूच्या वेळी मला कॉटवरून उतरू दिलं नाही महिनाभर. मला त्यांचा इतका राग आला की मी बाहेर जाऊन उगाच कुंड्या हलवत बसले.

फाडला नाही. गादीखाली आहे.

२ फेब्रु., रवि.

सं. जबाब न्यायला आली. मी तिसरा कागद तिच्या हातात दिला. वाचून दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून आत जाऊन भांडी लावत बसले. हे बेडरूमचं दार लावून आत.

बाहेर आले तर कागद घडी घालून टेबलावर. ती खिडकीकडं बघत होती.

मग म्हणाली, “म्हंजे ती तुमाला दिसली व्हती.”

हो.

“अन् तुमी पुसली.”

हो.

“मला वाटायचं कुनीतरी पाटलाच्या सांगण्यावरून केलं आसंल. मोठं कायतरी कारस्थान आसंल. माझे वडील मरेपर्यंत त्येच म्हनायचे. झबलं!” हसली. ते हसू मला नको होतं.

मी म्हटलं, सुनावणीत हेच सांगते मी. जे व्हायचं ते होऊ दे माझं.

“नका सांगू.”

मला कळेना.

“त्यांचा वकील काय म्हनंल? बाई नकाशात खोडाखोड करनारी, कापड चोरनारी, हिच्यावर कोन इश्वास ठेवनार. मंग तुमी बी गेलात अन् शाळा बी गेली. दुसरा कागद द्या. पाह्यली व्हती, एवढंच. बाकी पोटात ठेवा, इतकी वर्सं ठेवलंच की.”

दुसरा दिला. दारात चपला घालताना मान वर न करता म्हणाली, “बाई, मी काय तुमाला माफ नाय केलं. मला शाळा पायजे.”

चहाला शिवलीसुद्धा नाही.

४ फेब्रु., मंगळ.

वैजापूर. सुनावणीला दुपारचे तीन वाजले. बारक्या खोलीत बारा माणसं. प्रांतबाई तरुण, मनूच्या वयाच्या. शांतपणे ऐकतात. माझा जबाब वाचला. मग पाटलाचा वकील उठला.

पहिला प्रश्न : जुनं अनुरेखन कुठं आहे? नाही, मोडीत निघालं. ठीक.

दुसरा : कुठं होती शाळा, दाखवता का? नकाशाची नक्कल पुढं सरकवली. मी पेन घेऊन खूण केली. रूळ आणि नदीच्या मधे, वळणाच्या जरा वर. मला वाटलं झालं आपलं काम.

मग त्यानं मोबाईल प्रांतबाईंपुढं धरला. फोटो. मी खुर्चीत, अंगावर शाल, मागं शाळेची भिंत. २३ तारखेचा. म्हणजे फाट्यावर पाटील भेटायच्या आधीच, शाळेतच कुणीतरी काढलेला.

“मॅडम, चारशे नकाशे काढले म्हणता. त्यातल्या एका नकाशावरचा गव्हाएवढा चौकोन इतक्या वर्षांनी जागेसकट आठवतो? की ही शाल पांघरली तेव्हा डोळ्यांनी पाहिलेली शाळा तुम्ही आज कागदावर दाखवताय? ह्या सत्काराच्या आधी आठवत होती, ह्याला पुरावा काय?”

त्याचं काय चुकलं? खूण करताना माझ्या डोळ्यांपुढं व्हरांड्यातली खुंटी होती, चप्पल होती. कापडावरचा चौकोन नेमका तिथंच होता की बोटभर खाली, आता मला शपथेवर सांगता येत नाही. जाऊन पाहिलं ते पाहून बसले.

पण चौकोन होता. तो का आठवतो ते मला ठाऊक आहे. चारशे शीटांतलं हेच का विसरले नाही, त्याला एकच कारण आणि ते मी सांगायचं नाही.

“आणि आठवत होती तर काढली का नाही?”

प्रांतबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग लिहून घेतलं. म्हणाल्या, दोन्ही प्रश्नांची उत्तरं लेखी द्या, विचार करून द्या. पुढची तारीख १८.

बाहेर चिंचेखाली नाना बसले होते. काय झालं म्हणून विचारलं नाही, पाण्याची बाटली पुढं केली. सं. त्यांच्या मागं उभी. तिच्या वकिलानं तिला बाजूला घेऊन विचारलं, ह्या बाई काही लपवताहेत का? ती म्हणाली, मला नाय माहीत.

६ फेब्रु.

दोन दिवस हेच जुळवतेय. खरं सांगितलं तर रजिस्टर माझ्या बाजूनं आहे : नोंद माझ्या अक्षरात, रजेच्या आदल्या आठवड्याची. जाधवसाहेब आहेत : फुली त्यांनी पाहिली. म्हणजे शाल मिळायच्या कितीतरी आधी ती शाळा होती हे सिद्ध होतं. पण सिद्ध करणारी बाई चोर ठरते, आणि चोराच्या सांगण्यावर जागा मिळते का? खोटं सांगितलं तर बाई स्वच्छ आणि शाळा भिंतीवरच्या पाढ्यांसकट जाते. किंवा दोन्हीत जाते. कायद्याचं मला काय कळतं, मी रेघा मारणारी बाई.

ह्यांना विचारलं. हे म्हणाले, “आजारी पड.”

डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणतो म्हणाले, ओळखीचे आहेत. मस्करी करताहेत असं वाटलं. नव्हते करत.

११ फेब्रु.

मनू आली. तिला कुणीतरी सांगितलं असणार, म्हणजे ह्यांनीच. रात्रीच्या गाडीनं आली, सकाळी माझ्यासमोर बसली.

“आई, तू माझ्यासाठी केलंस ना ते?”

हो.

“मग माझं नाव कशाला त्यात? मी मागितलं होतं का?” चिडली होती. मग रडली. मग म्हणाली, तुला जे करायचं ते कर, पण बाबांच्या बीपीचा विचार कर.

दुपारी परत गेली. डबा दिला, विसरून गेली.

१७ फेब्रु., सोम.

पाणी आलं. भरलं.

उत्तर लिहून झालंय. दोन. एक पानभर, आणि सगळं सांगणारं साडेतीन पानांचं. दोन्हीवर सही करायची राहिलीय. हे सकाळपासून माझ्याशी बोललेले नाहीत, पण उद्याच्या वैजापूर गाडीची वेळ चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावलीय, साडेसातची. म्हणजे आजारी पडायचं रद्द झालं बहुतेक.

दुपारी सं.चा फोन. शाळेतूनच, मागं पोरांचा गलका.

“लिहिलं का बाई?”

लिहिलं.

“कोन्तं?”

मी म्हटलं, तुला कोणतं हवंय सांग. तू म्हणशील त्यावर सही करते. आत्ता करते.

कुणीतरी पोरगी बाई बाई करत होती, तिला थांब म्हणाली. मग मला म्हणाली, “तवा मला इचारलं व्हतं का? आता बी नका इचारू. तुमचं तुमी करा.”

फोन तिनंच ठेवला. दोन्ही कागद पिशवीत घातलेत.